आम्ही दोघं, एसटी आणि चार खाड्या

दहावीचा शेवटचा पेपर देऊन लेक घरी आला, बूट दारातच टाकले आणि झोपला तो रात्री नऊला उठला. कसा गेला विचारलं तर "बरा" म्हणाला आणि ताट घेऊन खोलीत गेला. गेलं वर्षभर आमच्यात एवढंच बोलणं राहिलं होतं. अभ्यास झाला का, क्लासला निघालास का, टेस्टचे मार्क आले का हे माझे तीन प्रश्न, आणि हो, नाही, बघतो ही त्याची तीन उत्तरं. हाच मुलगा लहान असताना मी ऑफिसातून आल्या आल्या दारातच अडवायचा आणि खिडकीतून कुठल्या नंबरची बस कधी गेली ते सगळं सांगत सुटायचा.

म्हणून मी डिसेंबरातच ठरवलं होतं की परीक्षा झाली की आम्ही दोघांनीच कुठेतरी जायचं. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही जाणार त्याच महिन्यात होतं त्यामुळे नवरा थांबणारच होता, आणि खरं सांगते, मलाही दोघंच हवे होतो. त्याला म्हटलं पंचवीस हजार रुपये आहेत, दहा दिवस आहेत, कुठे जायचं, कसं जायचं, कुठे राहायचं सगळं तू ठरव. पैसेही तुझ्याकडेच राहतील. अट एकच, टूर कंपनी नको आणि भाड्याची गाडी नको. मला वाटलं मनाली नाहीतर गोवा म्हणेल. चार दिवसांनी त्याने वहीचा एक कागद आणून दिला, त्यावर पेनाने किनारा काढला होता, गेटवेपासून रत्नागिरीपर्यंत, आणि त्यात चार ठिकाणी आडव्या रेघा. त्या रेघा म्हणजे खाड्या. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. "चारही ठिकाणी फेरीबोट आहे, मधलं सगळं एसटीने होतं," म्हणाला. आणि त्याचीही एक अट होती, दहा दिवस अभ्यास, अकरावी, कॉलेज, मार्क हे शब्द काढायचे नाहीत. मी हो म्हटलं. हो म्हणणं सोपं होतं, पाळणं किती अवघड आहे ते दुसऱ्याच दिवशी कळलं.

एसटी त्याने का निवडली ते मला माहीत होतं. माझे वडील गुहागर डेपोला कंडक्टर होते. हा आठ वर्षांचा असताना ते गेले, पण तोवर दर मे महिन्यात आजोबा-नातवाचा कार्यक्रम ठरलेला, संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या. बाबांचा कंडक्टरचा बिल्ला माझ्या कपाटात होता, निघायच्या आदल्या रात्री तो त्याने मागून घेतला. परीक्षेची कंपासपेटी रिकामी केली, कर्कटक, कोनमापक सगळं ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्यात बिल्ला ठेवला. पुढे दहा दिवस प्रत्येक तिकीट त्या पेटीत गेलं.

तयारीत त्याने जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. एसटीचा तो चार किंवा सात दिवसांचा पास असतो ना, आवडेल तिथे प्रवास, तो घ्यायचा का याचा हिशोब मांडला होता. महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, आणि आमचे टप्पे सगळे तीस-चाळीस किलोमीटरचे, तेव्हा पास परवडत नाही असा निष्कर्ष. मग प्रत्येक गाडीत तो कंडक्टरला म्हणायचा "एक फुल, एक महिला" आणि मी बाजूला उभी. सामान एकेक सॅक. त्याने माझी सॅक हातात धरून बघितली आणि दोन साड्या, एक चादर आणि फराळाचा मोठा डबा बाहेर काढला. चादर काढली त्याचा मला राग आला होता, पण पहिल्या तीन दिवसांतच त्याचं बरोबर होतं हे पटलं.

पहिला दिवस सोपा. सकाळची लोकल, सीएसएमटीहून गेटवे, तिथून मांडव्याची बोट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस येते, वेगळं काही काढावं लागत नाही. तासाभराची बोट, मागे सीगल पक्षी लागलेले. अलिबागहून मुरुडची एसटी रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई, काशिद करत समुद्राच्या कडेकडेने जाते, डाव्या खिडकीला बसलात तर डोंगर दिसतो आणि उजव्या खिडकीला समुद्र. त्याने उजवी खिडकी मला दिली. मी नको म्हटलं तर म्हणाला बस गं आई.

दुसऱ्या दिवशी जंजिरा. राजपुरीहून शिडाची होडी जाते, आणि होडी अगदी तटाला लागेपर्यंत दरवाजा कुठाय ते कळतच नाही, हे शाळेत वाचलेलं असतं पण डोळ्यांनी बघताना अंगावर काटा येतो. एकोणीस बुरूज, आत गोड्या पाण्याची तळी, कलालबांगडी तोफ. सिद्दीने हा किल्ला शेवटपर्यंत सोडला नाही, १९४८ ला संस्थान विलीन झालं तेव्हाच तो गेला. तटावर उभं राहिलं की समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो, महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला. तिथे लेक एकदम म्हणाला, यावर पाच मार्कांचा प्रश्न होता. आणि मी तोंड उघडलंच होतं की मग लिहिलास ना नीट. जीभ चावली. त्याने माझ्याकडे बघितलं, त्याला कळलं मी काय गिळलं ते, आणि वर्षभरात पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून हसला.

दुपारी आगरदांड्याहून पहिली खाडी. तिकडचे लोक त्या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. सपाट बोट, पुढचा लोखंडी पत्रा खाली येतो, गाड्या, बाइकी, माणसं, कोंबड्यांची खुराडी सगळं एकत्र चढतं. लेक पुढच्या साखळीपाशी जाऊन उभा राहिला तो दिघी येईपर्यंत हलला नाही.

चूक झाली ती दिवेआगरला. श्रीवर्धनच्या गाडीची वेळ त्याने कुठल्यातरी जुन्या फोटोवरून लिहून घेतली होती, आम्ही थांब्यावर पोचलो तेव्हा ती पंधरा मिनिटं आधीच गेलेली आणि पुढची दोन तासांनी. ऊन असं की डांबर चिकटायला लागलेलं. माझ्या मनात सगळं तयार होतं, आदल्या दिवशी कुणाला तरी विचारायला काय झालं होतं, मी सांगितलं होतं ना, वगैरे. त्याचा चेहरा पडला होता, तो माझ्याकडे बघतच नव्हता, बोलणी खायची तयारी करून बसला होता. मी पिशवीतून दोन केळी काढली आणि एक त्याच्या हातात दिलं. काहीच बोलले नाही. पाच मिनिटांनी तो उठला, समोरच्या वाडीत गेला आणि तिथल्या काकूंना विचारून आला, त्यांनी आम्हाला ओसरीवर बोलावलं, पाणी दिलं, कोकम सरबत दिलं.

त्या काकूंची सुपारीची बाग. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अर्धी आडवी झाली. त्या म्हणाल्या सकाळी झाडं उभी होती आणि दुपारी घरातून थेट समुद्र दिसायला लागला. मधली सगळी बागच नाहीशी झाल्यामुळे. नवीन रोपं लावलीत, पण सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर नारळ आणि एक खोली पर्यटकांना. लेक त्यांना विचारत होता रोपं कुठून आणली, किती लावली, जगली किती. मी गप्प बसून ऐकत होते. माझा मुलगा अनोळखी माणसाशी इतकं नीट, इतकं मन लावून बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं. ती चुकलेली गाडी मला अजून आठवते ती त्या ओसरीसाठी.

काकूंच्या यजमानांनी त्याला भरती-ओहोटीचा हिशोब शिकवला. कोकणात तो सगळ्यांना येतो, माझ्या आजीलाही यायचा, मी मात्र मुंबईला येऊन विसरले. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. त्याने लगेच वहीवर गणित केलं, आज षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी पावणेअकराच्या सुमाराला होऊन गेली, उद्या सप्तमी, उद्या साडेअकरा. हरिहरेश्वरला देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून जातो, तो ओहोटीलाच करायचा, भरतीत तिथे लाट कधी ओढून नेईल सांगता येत नाही, तसे बोर्डही लावलेत. दुसऱ्या दिवशी त्याच्या हिशोबाने आम्ही दहा वाजता उतरलो आणि पाणी खरंच लांब गेलेलं होतं. खडकाला लाटांनी मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत. तो पुढे आणि मी त्याच्या मागे, निसरडं आलं की हात मागे करायचा. मागे वळून बघायचा नाही, नुसता हात.

बागमांडल्याहून वेश्वी, सावित्रीची खाडी, इथे रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. मग वेळास. नाना फडणवीसांचं गाव, पण आता लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले कासविणी इथे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसंही न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात, मग सकाळ-संध्याकाळ ती समुद्राकडे सोडतात. गावातल्या घरांतच राहायचं, पंगतीत बसून जेवायचं, आम्हाला एका दिवशी मोदक होते.

पहिल्या संध्याकाळी त्या खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या तर खाली काहीच नाही. सकाळी पुन्हा नाही. पुण्याहून आलेली बरीच मंडळी चिडून निघून गेली. लेकाने विचारलं, अजून एक रात्र राहिलो तर दापोलीला एकच दिवस मिळेल, चालेल का? मी म्हटलं तू सांग. राहिलो. दुसऱ्या संध्याकाळी सात पिल्लं होती. पाणीपुरीच्या पुरीएवढं एकेक, काळपट राखाडी, वाळू चिकटलेली, पुढचे दोन पाय वल्ह्यासारखे मारत चाललेलं. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे चवड्यांवर बसलेलो, कुणी बोलत नव्हतं. एक पिल्लू कुणाच्यातरी पावलाच्या खड्ड्यात पडलं आणि त्याला ती कड चढताच येईना, चार वेळा उलटं झालं. हात लावायचा नाही असं आधीच बजावलेलं. लेकाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. पाचव्यांदा ते चढलं, ओल्या वाळूपर्यंत गेलं, एक लाट आली आणि ते दिसेनासं झालं. रात्री कासवं राखणाऱ्या मुलांनी सांगितलं की वाळू जास्त तापली तर माद्या जास्त जन्मतात, आणि पिल्लं उजेडाकडे जातात म्हणून किनाऱ्याकडचे दिवे बंद ठेवावे लागतात. जेवून आल्यावर लेकाने आमच्या खोलीच्या पडवीतला दिवा स्वतःहून घालवला. पडवी समुद्रापासून लांब होती, पण मी काही बोलले नाही.

मंडणगड, दापोली, हर्णैचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव, हे सगळं भराभर झालं. दापोलीत एका लॉजवाल्याने फोनवर अ‍ॅडव्हान्स घेऊन खोली दुसऱ्यालाच दिली होती, रात्री आठ वाजता आम्ही बाहेर. मी भांडायला निघाले होते पण लेकानेच शांतपणे पैसे परत मागितले, फोनमधला मेसेज दाखवला, आणि पैसे मिळेपर्यंत काउंटरसमोरून हलला नाही. दुसरी खोली मिळाली. सांगायचं म्हणजे कोकणात अशा प्रवासात मेसेज जपून ठेवा आणि थोडी रोकड जवळ ठेवा, नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही.

मग दाभोळ. माझ्या लहानपणी दाभोळ ते गुहागर गाडी न्यायची तर खेड-चिपळूण असा भलामोठा वळसा होता, समोर गाव दिसतंय पण जायला अर्धा दिवस. २००३ पासून इथे फेरीबोट आहे. वाशिष्ठीची खाडी या चारांतली मला सगळ्यात आपली वाटते. पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्प दिसत होता. लेकाने विचारलं हा कधी झाला. आणि मी त्याला सांगत बसले की १९९५ ला तालुक्यात हा प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉन कंपनीशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि १९९५ म्हणताना तोंडून निघून गेलं की त्याच वर्षी मी बारावीला नापास झाले.

हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगत नाही, त्याच्या बाबालाही लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं. बारावी सायन्स, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही गेले. निकालाच्या दिवशी मी मागच्या पडवीत जाऊन बसले ती उठेना. आई रडत होती. संध्याकाळी बाबा ड्युटीवर निघताना म्हणाले, "चल बाय, आज माझ्याबरोबर मुक्कामाला." त्यांची मुक्कामाची गाडी होती, संध्याकाळी हेदवीच्या पुढच्या एका वाडीत जायची, रात्री तिथेच थांबायची आणि पहाटे परत. मला त्यांनी कंडक्टरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः उभे राहून तिकिटं फाडली. वाडीतून भाकरी आणि कुळथाचं पिठलं आलं. गाडीतच मागच्या लांब सीटवर मी झोपले. मार्कांबद्दल एक शब्द नाही. पहाटे गाडी भरल्यावर म्हणाले, दोरी ओढ. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी दोन वेळा ओढली आणि गाडी सुटली. ऑक्टोबरला मी पास झाले, मग कॉमर्स, मग बँक.

हे सांगेपर्यंत बोट धोपाव्याला लागली होती, साखळी सोडली, गाड्या उतरायला लागल्या. लेक काहीच बोलला नाही. माझी सॅक त्याने त्याच्या दुसऱ्या खांद्याला लावली आणि उतरला. गुहागरपर्यंत वडापच्या शेअर गाडीत आम्ही गप्प होतो, मला वाटलं उगाच सांगितलं.

गुहागरला आमचं घर आता नाही, भावांनी विकलं. ओळखीच्या एकांकडे खोली घेतली होती. लांब सरळ किनारा, सुरूची झाडं, व्याडेश्वराचं देऊळ. याच किनाऱ्यावरून २०२३ च्या फेब्रुवारीत बागेश्री नावाच्या कासविणीला सॅटेलाइट टॅग लावून सोडलं होतं आणि ती पार श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, हे त्याने वेळासला ऐकलं होतं, तेच मला पुन्हा सांगत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्टँडवर गेलो, तो आजोबांबरोबर बसायचा त्या बाकावर बसलो. सहाच्या सुमाराला एक गाडी लागली, पाटी वाचली आणि माझ्या पोटात कसंतरी झालं. तीच वाडी. अजून मुक्कामाला जाते.

"जायचं?" लेक म्हणाला.

मी म्हटलं अरे परत कसं येणार, राहायचं कुठे, सामान खोलीवर आहे. तो म्हणाला पैसे माझ्याकडे आहेत ना. आणि कंडक्टरकडे जाऊन "एक फुल, एक महिला".

कंडक्टरही म्हणाले, ताई मुक्काम आहे हां, गाडी सकाळीच निघेल. पण शिमग्याचे दिवस, पालख्या अजून गावोगाव फिरत होत्या, आणि आमचं नशीब असं की त्या रात्री वाडीत पालखी आलेली. सहाणेच्या ओट्यावर पालखी, ढोल-ताशे, मुंबईहून आलेले चाकरमानी, संकासुराचं सोंग, पोरंटोरं, सगळं गाव जागं. मी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं तर एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. पिठलं यांच्याच घरून यायचं. त्यांनी जेवायला घातलं आणि पडवीत अंथरूण घालून दिलं. लेकाला पोरांनी पालखी नाचवायला ओढलं. खांद्यावर पालखी घेऊन तो जसा नाचला तसं मी त्याला घरात कधी हलतानाही बघितलं नव्हतं, घामाने निथळत होता आणि हसत होता.

रात्री उशिरा पडवीत आडवे झालो. लांब कुठेतरी अजून ढोल चालू होता. तो पाठीवर झोपून वर बघत होता. म्हणाला, "आई, माझी भूमिती गेली."

मी विचारलं, गेली म्हणजे?

चाळीसमधले बारा-तेरा मार्कांचंच सुटलंय, म्हणाला. पेपर हातात आला आणि सगळं पांढरं झालं. बीजगणित बरं गेलंय, दोन्ही मिळून पास होईन बहुतेक, पण तू म्हणतेस तेवढे नाही येणार. सायन्सला नाही मिळणार. आणि मला नकोच आहे सायन्स. हे तो एका दमात बोलला, मधे न थांबता, अगदी लहानपणी बसचे नंबर सांगायचा तसं. परीक्षेपासून हे एकटाच पोटात घेऊन फिरत होता, जंजिऱ्यावर, बोटीत, सगळीकडे. आणि मला वाटत होतं उन्हाने थकलाय.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. त्याचं डोकं ओढून मांडीवर घेतलं एवढं आठवतं, सोळाव्या वर्षाला लागलेला मुलगा, पाय पडवीबाहेर जात होते. तो थोडा रडला. मग म्हणाला बाबाला काय सांगायचं. मी म्हटलं ते तू ठरव, पैसे तुझ्याकडे, प्लॅन तुझा.

पहाटे पावणेसहाला गाडी. कॉलेजची मुलं, दूधवाले, ओल्या केसांच्या बायका. लेक पुढे कंडक्टरच्या सीटशेजारी बसला आणि कंपासपेटीतून बिल्ला काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, नंबर वाचला, स्वतःच्या शर्टाला पुसून परत दिला. मग वर लोंबणाऱ्या दोरीकडे मान केली. लेकाने वळून माझ्याकडे बघितलं आणि दोनदा ओढली.

पुढचं फार लिहीत नाही. हेदवीचा दशभुजा गणेश, तवसाळहून जयगडला चौथी खाडी, शास्त्री नदीची, गणपतीपुळे, रत्नागिरी. थिबा पॅलेस बघितला, ब्रह्मदेशाच्या राजाला १८८५ ला राज्य घेऊन इकडे कैदेत आणलं आणि १९१६ ला तो इथेच वारला, ते वाचून लेक बराच वेळ त्या राजाच्या मुलींबद्दल विचारत होता. पण बोलणं सुरू झालं होतं, त्यामुळे मला बघण्यापेक्षा ऐकण्यातच जास्त रस होता. त्याला कॉमर्सही नकोय. भूगोल, नकाशे, समुद्र असलं काहीतरी शिकायचंय, त्याला नीट नाव त्यालाही माहीत नाही अजून. शोधतोय.

रत्नागिरी स्टेशनवर मांडवी एक्सप्रेस यायला वीस मिनिटं होती. त्याने माझा फोन मागितला आणि म्हणाला तू पाणी घेऊन ये. मी मुद्दाम प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाच्या स्टॉलवर गेले, दोन वडापाव सांगितले, सावकाश पैसे मोजले. लांबून बघत होते, तो येरझाऱ्या घालत बोलत होता, मग थांबला, मग बाकावर बसला. परत आले तर त्याने फोन माझ्या हातात दिला, डोळे लाल होते पण चेहरा मोकळा. नवरा म्हणाला, ऐकलं मी, घरी या आधी, आईने तुमच्यासाठी डाळिंब्यांची उसळ करायला लावलीय.

गाडीत बसल्यावर त्याने वही काढून हिशोब पूर्ण केला. पंचवीस हजारांतले दोन हजार तीनशे चाळीस उरले. ते त्याने पाकिटात घालून पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि कंपासपेटीत तिकिटांखाली ठेवलं. निकाल अजून लागायचाय. पेटी त्याच्या टेबलावर आहे, परवा धूळ पुसताना मी ती उघडून बघितली. पाकिटावर लिहिलंय, दिवाळी, रत्नागिरी ते रेडी, आणि खाली चार-पाच आडव्या रेघा.